अभियंता ते मुख्यमंत्री : पृथ्वीराज चव्हाण आणि महाराष्ट्रातील सिंचनाच्या हिशेबाचा प्रश्न (बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

२०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात बीड जिल्ह्यातील परळी येथील औष्णिक विद्युत केंद्राचे सर्व संच बंद ठेवण्याची वेळ आली. ११३० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र यंत्रातील बिघाडामुळे अथवा कोळशाच्या टंचाईमुळे बंद पडलेले नव्हते. त्यास पाणी उरले नव्हते. माजलगाव धरणाचा साठा आटला होता, जायकवाडीत पुरेसे पाणी नव्हते आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या सुरू झाल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळाशी तुलना होऊ लागली होती. परंतु १९७२ आणि २०१३ यांमध्ये एक मूलभूत फरक होता. मधल्या चार दशकांत राज्यात मोठी, मध्यम व लघू धरणे बांधली गेली होती आणि त्यांवर हजारो कोटी रुपये खर्च झाले होते. त्यामुळे १९७२ मध्ये ‘धरणे कोठे आहेत?’ असा प्रश्न विचारला गेला, तर २०१३ मध्ये ‘धरणांतील पाणी कोठे आहे?’ असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते.

हा दुसरा प्रश्न शासनाच्या सर्वोच्च स्थानावरून आकड्यांच्या भाषेत विचारण्याचे श्रेय तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्याकडे जाते. चव्हाण हे शिक्षणाने यंत्र अभियंता होत. अभियंत्याची मोजमापाची दृष्टी राज्याच्या राजकारणात आल्यावर काय साध्य होते आणि तिला कोणत्या मर्यादा पडतात, याचा शोध त्यांच्या राजकीय जीवनाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ चरित्रात्मक नाही. कारण मराठवाड्याचा पाण्यावरील हक्क गेली अनेक वर्षे आकड्यांच्याच आधारे मांडला गेला आहे.

पूर्वपीठिका : अभियंते आणि महाराष्ट्राचे राजकारण

महाराष्ट्राच्या राजकारणावर प्रारंभापासून वकिलांचा आणि पुढे सहकारातून आलेल्या कार्यकर्त्यांचा प्रभाव राहिला. मराठवाड्यात धरणांच्या उभारणीचा आग्रह धरणारे शंकरराव चव्हाण हेदेखील कायद्याचे पदवीधर होते. अभियंत्यांचे स्थान बहुधा प्रशासनात असे. ते धरणे बांधत. परंतु ती कोठे बांधावयाची आणि त्यांतील पाणी कोणास द्यावयाचे याचा निर्णय इतरत्र होत असे.

यास काही अपवाद आहेत. संगमनेर परिसरातील कॉम्रेड दत्ता देशमुख हे अभियांत्रिकीचे पदवीधर असून त्यांनी शेतकरी-कामगारांच्या चळवळीत आयुष्य वेचले. आठमाही पाणीवाटपाच्या विचाराशी त्यांचे नाव निगडित आहे. धरणातील पाणी थोड्या क्षेत्रावरील बारमाही पिकांऐवजी अधिक शेतकऱ्यांना आठ महिन्यांसाठी द्यावे, ही त्यामागील भूमिका होती. पुढील पिढीत जयंत पाटील यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन राज्याच्या वित्त व जलसंपदा खात्यांची धुरा सांभाळली. शेजारच्या गोव्यात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९७८ मध्ये पदवी घेतलेले मनोहर पर्रीकर २००० साली मुख्यमंत्री झाले. या परंपरेत पृथ्वीराज चव्हाण यांचे स्थान वेगळे ठरते. अभियंता म्हणून त्यांनी राज्यात कोणतेही धरण अथवा कालवा बांधला नव्हता. त्यांचे क्षेत्र उपकरणांचे, म्हणजे सूक्ष्म मोजमापाचे होते.

जडणघडण

पृथ्वीराज चव्हाण यांचा जन्म १७ मार्च १९४६ रोजी इंदूर येथे झाला. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कुंभारगाव. वडील आनंदराव तथा दाजीसाहेब चव्हाण हे कराडचे खासदार व केंद्रात मंत्री होते. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर आई प्रेमलाताई चव्हाण यांनी कराडचे प्रतिनिधित्व केले. त्या महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षाही होत्या. अशा रीतीने राजकारण घरातच होते. तथापि मुलाची वाट प्रारंभी निराळी राहिली.

कराड येथील शाळेत व नंतर दिल्लीतील नूतन मराठी विद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी पिलानी येथील बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. त्यानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. अमेरिकेत त्यांनी विमानातील उपकरणे व पाणबुडीविरोधी युद्धतंत्रासाठी लागणारी ध्वनिमुद्रण यंत्रणा यांच्या आरेखनाचे काम केले. समुद्रातील असंख्य आवाजांमधून नेमका हवा तो आवाज वेगळा करून नोंदविणे, हे या तंत्राचे सार होय. भारतात परतल्यावर त्यांनी उद्योगक्षेत्रात काम केले व भारतीय भाषांच्या संगणकीकरणातही रस घेतला. राजीव गांधी यांच्या संपर्कातून ते राजकारणाकडे वळले.

१९९१ मध्ये ते कराड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९९६ व १९९८ मध्येही त्यांनी विजय मिळविला. १९९९ मध्ये काँग्रेसमधील फुटीनंतर राष्ट्रवादी काँग्रेसचे श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा पराभव केला. २००२ मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि २००४ पासून पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या कार्यालयाचे राज्यमंत्री म्हणून त्यांनी काम पाहिले. विज्ञान व तंत्रज्ञान, तसेच भूविज्ञान या खात्यांची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. या सर्व काळात त्यांचे कार्यक्षेत्र दिल्ली हेच होते. जिल्हा परिषद, साखर कारखाना, जिल्हा बँक या महाराष्ट्रातील नेतृत्वाच्या नेहमीच्या पायऱ्या त्यांनी चढलेल्या नव्हत्या. हीच बाब पुढे त्यांचे बळ ठरली आणि दुर्बलताही.

मुख्यमंत्रिपद : नियमांचा आग्रह

‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिल्यानंतर ११ नोव्हेंबर २०१० रोजी पृथ्वीराज चव्हाण यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. २००९ च्या निवडणुकीत काँग्रेसला ८२ व राष्ट्रवादी काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या होत्या. मुख्यमंत्री काँग्रेसचा असला तरी वित्त, गृह, जलसंपदा, ग्रामविकास यांसारखी महत्त्वाची खाती मित्रपक्षाकडे होती. ज्या खात्याचा हिशेब मुख्यमंत्री पुढे मागणार होते, ते खाते त्यांच्या पक्षाकडे नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

त्यांच्या कारभाराचे एक वैशिष्ट्य म्हणजे व्यक्तीच्या मर्जीऐवजी लिखित नियम आणण्याचा प्रयत्न. २०१२ च्या जानेवारीत मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत केलेल्या बदलांनी बांधकामासाठी सवलती देण्याच्या स्वेच्छाधिकारास आळा घालण्याचा प्रयत्न झाला. २०११ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमले गेले. या निर्णयांमुळे मुख्यमंत्र्यांची स्वच्छ प्रतिमा दृढ झाली. त्याचबरोबर निर्णय रेंगाळतात, फायली पडून राहतात, ही टीकाही वाढली. २०१३ मध्ये शरद पवार यांनी सही करताना सत्तेतील लोकांच्या हाताला लकवा भरतो की काय, अशा आशयाचा टोला जाहीरपणे लगावला. त्याचा रोख मुख्यमंत्र्यांकडे असल्याचे सर्वत्र मानले गेले. प्रत्येक कागद तपासून पाहणे हा अभियंत्याचा गुण होय; आघाडीच्या राजकारणात मात्र तोच दोष म्हणून मोजला गेला.

सिंचनाची टक्केवारी आणि श्वेतपत्रिका

२०१२ च्या मार्चमध्ये सादर झालेल्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालातील एका लहानशा कोष्टकाने मोठे वादळ निर्माण केले. राज्यातील एकूण पिकाखालील क्षेत्राशी एकूण सिंचित क्षेत्राचे प्रमाण २००१-०२ मध्ये १७.८ टक्के होते. ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले, असे त्यात दर्शविले होते. या दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले होते. एवढ्या खर्चातून केवळ ०.१ टक्का वाढ कशी झाली, असा प्रश्न उपस्थित करून मुख्यमंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढण्याची घोषणा केली.

या ठिकाणी त्या आकड्याचे स्वरूप समजून घेणे गरजेचे आहे. सिंचनाचे मोजमाप निरनिराळ्या प्रकारे होते. धरण व कालवे पूर्ण झाल्यावर जेवढे क्षेत्र भिजू शकते, ती ‘निर्मित सिंचनक्षमता’ होय. एखाद्या वर्षी त्यातून जेवढे क्षेत्र खरोखर भिजते, ते ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’ होय. हे आकडे जलसंपदा विभाग ठेवतो. आर्थिक पाहणीतील टक्केवारी मात्र कृषी विभागाच्या पीकक्षेत्राच्या आकडेवारीवरून काढली जाते आणि तीत विहिरींवरील सिंचनही येते. त्यामुळे ०.१ टक्का हा आकडा म्हणजे धरणांचे अचूक मूल्यमापन नव्हे, हा जलसंपदा विभागाचा बचाव तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हता. तथापि या बचावातूनच एक अधिक गंभीर सत्य समोर आले. राज्यात किती जमीन भिजते, या साध्या प्रश्नाचे दोन सरकारी विभागांना मान्य असे एकच उत्तर शासनाजवळ नव्हते.

याच सुमारास जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी प्रकल्पांच्या वाढत्या किमती व कामांचा दर्जा यांविषयी शासनास लिहिलेले पत्र प्रकाशात आले. अशा प्रकारे एक अभियंता व्यवस्थेच्या आतून आणि दुसरा तिच्या शिखरावरून जवळपास एकच हिशेब मागत होते. २५ सप्टेंबर २०१२ रोजी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस जलसंपदा विभागाने तयार केलेली श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. सिंचनातील वाढ पाच टक्क्यांहून अधिक असल्याचे तीत म्हटले होते. भूसंपादनातील अडचणी, दरसूचीतील बदल, व्याप्तीतील वाढ ही खर्चवाढीची कारणे देण्यात आली. ७ डिसेंबर रोजी पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

ज्या विभागाचा हिशेब मागावयाचा, त्याच विभागाने तो लिहून दिला, ही श्वेतपत्रिकेची मूळ मर्यादा होती. विरोधकांचे समाधान न झाल्याने जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमण्यात आले. डॉ. चितळे स्वतः अभियंता, १९९३ च्या स्टॉकहोम जलपुरस्काराचे मानकरी आणि राज्याच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांचा अहवाल २०१४ च्या पूर्वार्धात सादर झाला व जूनमध्ये कार्यवाही अहवालासह विधिमंडळापुढे आला.

प्रकरणाचा पुढील प्रवास येथे थोडक्यात नमूद करणे न्याय्य ठरेल. २०१४ च्या अखेरीस सत्तांतरानंतर देवेंद्र फडणवीस यांच्या शासनाने लाचलुचपत प्रतिबंधक विभागामार्फत चौकशीस संमती दिली. त्याच विभागाने २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे प्रतिज्ञापत्र सादर करून विदर्भातील प्रकल्पांच्या प्रकरणांत अजित पवार यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचे म्हटले. दरम्यानच्या काळात आर्थिक पाहणी अहवालांतील सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीसमोर काही वर्षे ‘उपलब्ध नाही’ असा शेरा येऊ लागला. वाद ज्या आकड्यावरून झाला, तो आकडाच कोष्टकातून नाहीसा झाला.

मराठवाडा, बीड आणि आकड्यांचा हक्क

या घटनाक्रमाकडे केवळ दोन पक्षांतील कुरघोडी म्हणून पाहिले गेले. निवडणुकीच्या राजकारणापुरते ते खरेही आहे. परंतु मराठवाड्याच्या इतिहासाच्या संदर्भात त्याचा निराळा अर्थ लागतो.

मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा भावनेच्या पातळीवरून गणिताच्या पातळीवर नेण्याचे काम प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने केले. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटी रुपये ठरविला; त्यात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समिती आली. चव्हाण यांच्याच कारकिर्दीत, २०११ मध्ये, डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल प्रादेशिक विकासासाठी समिती नेमली गेली. तिने २०१३ मध्ये अहवाल दिला. प्रत्येक टप्प्यावर मराठवाड्याचे म्हणणे मांडले गेले ते आकड्यांच्या आधारे.

परंतु अनुशेषाचा आकडा बहुतांशी खर्चाच्या व निर्मित क्षमतेच्या भाषेत होता. धरण मंजूर झाले, निधी मिळाला, भिंत उभी राहिली, की कागदावरील अनुशेष कमी होत असे. बीड जिल्ह्याचा अनुभव निराळा होता. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण हे जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग असून पैठणच्या उजव्या कालव्यातून येणाऱ्या पाण्याचा त्यास आधार असतो. म्हणजे नाशिक-नगर भागातील धरणांतून खाली पाणी आले नाही, तर जायकवाडी रिकामे राहते. जायकवाडी रिकामे राहिले, तर माजलगाव आटते. आणि माजलगाव आटले, तर शेतीबरोबर परळीचे वीज केंद्रही अडचणीत येते. २१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचे जायकवाडी कागदावर बीडच्या क्षमतेत जमा होते. प्रत्यक्षात ती क्षमता दीडशे-दोनशे किलोमीटर वरच्या बाजूच्या निर्णयांवर अवलंबून होती. आष्टीसारख्या तालुक्यांसाठी आखलेल्या कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाची गोष्टही अशीच दीर्घ प्रतीक्षेची आहे. केजजवळच्या धनेगाव येथील मांजरा धरणानेही आपल्या लाभक्षेत्रास अनेकदा कोरडे दिवस दाखविले.

अशा जिल्ह्याला ‘किती धरणे बांधली’ यापेक्षा ‘किती पाणी पोहोचले’ हा प्रश्नच अधिक उपयोगी पडतो. चव्हाण यांच्या प्रश्नाचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. त्यांनी सिंचनाच्या यशाचे एकक बदलून दाखविले : भिंतीऐवजी भिजलेली जमीन. हा विचार नवीन नव्हता. डॉ. चितळे यांच्या आयोगाने १९९९ मध्ये आणि त्यानंतर सिंचन स्थितीदर्शक व जललेखा अहवालांनी तो मांडलाच होता. परंतु तो तज्ज्ञांच्या अहवालांतच राहिला होता. मुख्यमंत्र्यांच्या मुखातून आल्यामुळे तो गावोगावच्या पारावर पोहोचला.

याच काळात मोजमापाने बीडला प्रत्यक्ष हक्क मिळवून दिल्याचे एक उदाहरणही घडले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात टंचाईच्या काळात खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद होती. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्यासाठी सूत्र सुचविले. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने दिलेल्या आदेशाचे सार असे की, ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. जे काम मोर्चे व निवेदने अनेक वर्षे करू शकली नाहीत, ते ‘६५ टक्के’ या एका आकड्याने केले. कारण हा आकडा कायद्याच्या आधारावर उभा होता आणि तो मोजण्याची जबाबदारी निश्चित होती. ‘०.१ टक्का’ या आकड्यास असा कोणताही आधार नव्हता. तो प्रश्न उपस्थित करू शकला, उत्तर वसूल करू शकला नाही.

अखेरचा टप्पा

सप्टेंबर २०१४ मध्ये आघाडी तुटल्यावर चव्हाण यांनी राजीनामा दिला आणि राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत ते प्रथमच थेट जनतेतून विधानसभेवर गेले. कराड दक्षिणमध्ये त्यांनी दीर्घकाळ आमदार असलेले विलासराव पाटील-उंडाळकर यांचा पराभव केला. २०१९ मध्येही ते विजयी झाले. २०२४ च्या निवडणुकीत मात्र भाजपचे अतुल भोसले यांनी त्यांना पराभूत केले. सिंचनाचा हिशेब मागितल्याबद्दल मतदारांनी त्यांना वेगळे असे काही दिले, असे निवडणुकांच्या निकालांवरून म्हणता येत नाही.

समारोप

पृथ्वीराज चव्हाण यांच्या जीवनक्रमावरून काही निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, तांत्रिक शिक्षणाने राजकारणी व्यक्तीस आपोआप कार्यक्षमता लाभत नाही; निर्णयातील विलंबाची टीका त्यांच्यावर झाली व ती पूर्णतः अनाठायी म्हणता येणार नाही. दुसरा असा की, त्या शिक्षणाने त्यांना एक प्रश्न विचारण्याची सवय दिली : घातले किती आणि निघाले किती? राज्यातील सिंचनाच्या इतिहासात हा प्रश्न इतक्या उच्च स्थानावरून क्वचितच विचारला गेला होता. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, मोजणाऱ्याची यंत्रणा स्वतंत्र नसेल तर प्रामाणिक प्रश्नही निष्फळ ठरतो. उपकरणाच्या आरेखनात मोजणारे साधन आणि मोजली जाणारी वस्तू यांत अंतर ठेवावे लागते. श्वेतपत्रिकेत नेमके हेच अंतर राहिले नाही.

बीड जिल्ह्यास या इतिहासातून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. केवळ नव्या प्रकल्पांच्या घोषणांची मागणी पुरेशी नाही. माजलगाव, मांजरा, बिंदुसरा यांसारख्या प्रकल्पांतून दरवर्षी किती पाणी आले, कोणत्या गावापर्यंत पोहोचले आणि किती क्षेत्र भिजले, याची स्वतंत्र यंत्रणेने केलेली व ग्रामसभेस पाहता येईल अशी नोंद मागणे अधिक मोलाचे आहे. परळीचे संच बंद पडले त्या वर्षी अशी नोंद जिल्ह्याच्या हाती असती, तर पाऊस थांबवता आला नसता हे खरे. परंतु पाणी कोठे अडले, याचे उत्तर तरी मागता आले असते.